तुळोजी सारंगांनी छावणी वाढविली त्याची हकीकत

श्रीगणेशास वंदन करून, वाणीची देवता शारदा तिजला वंदन करून, आणि ज्यांनी ही गोष्ट एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी न सांडता पोचविली त्या सर्व वडील मंडळींस वंदन करून लिहावयास आरंभ केला. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एका राज्यात मोठा अनर्थ उद्भवला त्याची ही हकीकत. राज्याचे नाव सांगत नाही. सांगितले असता त्या राज्याचे लोक म्हणतील की आमचेच घर उघड्यावर का आणिले, आणि शेजारचे म्हणतील की आमच्याकडे ऐसे कधी होत नाही; म्हणून नाव न घेतलेले बरे. इतके समजावे की राज्याच्या मधून एक नदी वाहत होती, पूर्वेस ज्वारीचा माळ, पश्चिमेस भाताची खाचरे, नदीला एका ठिकाणी पायी ओलांडण्याजोगा उतार होता आणि त्या उताराशी मधली पेठ म्हणून नगर होते, निम्मे या काठी आणि निम्मे त्या काठी, तेथेच राजाची सदर.

तेथील महाराज कैलासवासी जाहले. त्यांस दोन पुत्र, थोरले सिदोजीराव आणि धाकटे हैबतराव. सिदोजीरावांच्या मातुःश्री त्यांस जन्म देऊनच गेल्या, मग महाराजांनी दुसरे लग्न केले, त्या दर्याबाईसाहेब, आणि त्यांच्या पोटी हैबतराव. परंतु बाईसाहेबांनी थोरल्यास घास भरविल्यावाचून धाकट्यास कधी भरविला नाही. सिदोजीराव लहान असता कोणा दासीने त्यांच्या देखत सावत्र हा शब्द उच्चारला, तो बाईसाहेबांच्या कानी गेला, आणि ती दासी त्याच दिवशी गाठोडे घेऊन वाड्याबाहेर पडली. तेव्हापासून तो शब्द त्या घरात कोणी काढीत नसे. आणि त्या राज्याची रीतच ऐसी होती की अभद्र शब्द तोंडास येऊ द्यावयाचा नाही. महाराज आजारी असता त्यांच्या मागे गादी कोणाची हे विचारावयाचे सर्वांच्या मनात आले, पण जित्या माणसास त्याच्या मागचे विचारणे अभद्र, म्हणून कोणी विचारिले नाही, आणि महाराजही न सांगता गेले.

मग दिवसकार्य उरकले आणि सदरेवर पागोटे बांधावयाचे ठरले. चाल ऐसी की राजपुत्रास त्याच्या मामाने पागोटे बांधावे, मग तो राजा. मागल्या पिढ्यांत पुत्र एक आणि मामा एक, म्हणून कधी अडचण पडली नव्हती. या खेपेस सदरेवर दोन मामा दोन तबके घेऊन उभे राहिले, आणि दोघांनी तबकांवरचे रुमाल एकदमच उचलले. थोरल्याचे मामा म्हणाले, थोरला तो थोरला. धाकट्याचे मामा म्हणाले, नांदत्या राणीचा तो राजा. आणि कोणी कोणास आवरावे याचा विचार होतो आहे तोच दोन्ही मस्तकांवर पागोटी चढली. त्याच दिवशी सिदोजीराव पूर्वेस गेले आणि हैबतराव पश्चिमेस गेले, आणि सरदार वाटले गेले, आणि मग गावे वाटली गेली, आणि मग एकाच घरातले भाऊ दोन फौजांत उभे राहिले. वर्षभर लढाई चालली. खळी जळाली, बैल गेले, पुष्कळ माणूस कामास आले. बाईसाहेब मधल्या पेठेतच राहिल्या. आईसाहेब तेथे आहेत म्हणून दोघांनीही पेठेवर गोळा टाकिला नाही, इतकी आठवण दोघांनाही होती. संध्याकाळी दोन्हीकडचे स्वार उतारावर घोडी पाजावयास येत, तेव्हा पाण्यावरून बातमी जाई येई. या काठचा ओरडून सांगे, "अरे बहिर्ज्या, तुझ्या बहिणीला मुलगा झाला, नाक तुझ्यासारखे नाही, पोराचे नशीब चांगले," आणि त्या काठचा शिवी देऊन हसे आणि मग डोळे पुशी. सिदोजीरावांस ताप आला तेव्हा हैबतरावांच्या गोटातला वैद्य उतारावरून पलीकडे सोडला गेला, आणि कोणी सोडला हे कोणी विचारिले नाही.

परंतु आईचा जीव. दारात जासूद आला की बाईसाहेब त्याचे बोलणे ऐकण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहत, दोघांपैकी कोणाचे वर्तमान आणिले आहे ते तेथे वाचू पाहत. शेवटी त्यांनी सदोपंत पंतोजींस बोलाविले. पंतोजींनी दोन्ही राजपुत्रांस धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास शिकविली होती, म्हणून दोन्ही गोटांत त्यांस वाट मोकळी होती. बाईसाहेब म्हणाल्या की समुद्रात बेटांचे राज्य आहे, त्या बेटकरांपाशी मोठ्या तोफा आहेत, त्यांची गलबते आपल्या बंदरी येत असत, त्यांस मध्ये पडावयास सांगावे. पंतोजी बोलिले, "बाईसाहेब, बाहेरचा माणूस आला की त्याला बसायला पाट द्यावा लागतो. बसलेल्याला ऊठ म्हणणे आपल्या लोकांस जमत नाही." बाईसाहेब बोलिल्या, "माझी मुले जिवंत राहिली तर त्याला कसे उठवायचे ते पुढे पाहीन." मग पंतोजी बेटांवर गेले. लढाईने बंदर ओस पडले होते आणि बेटकरांस मिरी आणि तांदूळ मिळेना, म्हणून त्यांच्या राजासही ही लढाई थांबावयास हवीच होती. त्यांनी आपला दर्यासारंग गलबते आणि तोफा देऊन रवाना केला. त्या सारंगांचे खरे नाव तोलेन की तोलान ऐसे काही होते, ते इकडच्या जिभेवर ठरेना, म्हणून लोकांनी त्यांस तुळोजी सारंग केले. तेही त्या नावास ओ देऊ लागले.

तुळोजी मनुष्य सज्जन. पुढल्या विकृति संवत्सराच्या कार्तिकात ते आले आणि उताराच्या दोन्ही अंगांस छावणी घालून बसले. दोन्ही फौजा चालून आल्या, तेव्हा त्यांनी रिकाम्या वाळवंटात गोळे टाकिले, वाळू ताडाएवढी उडाली, आणि दोन्ही फौजा मागे सरल्या. त्या दिवशी लढाई थांबली. घरोघर दिवे लागले, बायकांनी सारंगांस ओवाळले, आणि बाईसाहेब कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्या. मग सारंगांनी मनावर घेतले की या लोकांत राहावयाचे तर यांची भाषा आली पाहिजे, आणि ते पंतोजींपाशी मांडी घालून बसू लागले. पंतोजी शिकविण्यात हयात गेलेले, त्यांस ऐसा शिष्य मिळाला नव्हता. चढणे म्हणजे वर जाणे, उतरणे म्हणजे खाली येणे, वाढणे म्हणजे मोठे होणे, तुटणे म्हणजे दोन होणे, ऐसे सारंग पाठ करीत, आणि चुकले तर स्वतःच्या कानास हात लावीत, हे पाहून पोरे हसत. त्यापुढले खर संवत्सर सरत आले तो ते दुभाष्यावाचून बोलू लागले, आणि आपण दुभाष्यावाचून बोलतो याचा त्यांस फार अभिमान वाटे.

मात्र लढाई थांबली म्हणजे तंटा मिटला ऐसे होत नाही, हे हळूहळू दिसू लागले. सारंगांनी न्याय ठरविला तो तराजूसारखा. खर संवत्सराच्याच दसऱ्यास त्यांनी दोघा भावांस दोन शाली धाडल्या, एकाच विणीच्या, एकाच काठाच्या. सिदोजीरावांनी आपली परत केली आणि विचारिले की थोरल्याची शाल आणि धाकट्याची शाल सारखी कशी. मग सारंगांनी थोरल्यास रुंद काठाची धाडली, तर हैबतरावांनी आपली परत केली आणि सांगून धाडले की पंच म्हणून बसलात आणि एका बाजूचा काठ रुंद करता काय. सारंग दोन्ही शाली पुढे घेऊन बसले आणि पंतोजींस म्हणाले, "यांस शाल नको, मग काय हवे ते तरी सांगा." पंतोजी म्हणाले, "दुसऱ्यास मिळू नये हे हवे." पुढे सारंगांनी दंगा नको म्हणून दोन्हीकडच्या स्वारांस उतारावर घोडी आणण्याची मनाई केली आणि कोसभर वर आणि कोसभर खाली पाणवठे नेमून दिले. हुकूम शहाणपणाचा होता, पण त्या दिवसापासून पाण्यावरून बातमी येणे बंद पडले. गाय चुकली तर सारंगांकडे फिर्याद, बांध फुटला तर सारंगांकडे फिर्याद, आणि दोघे भाऊ एकमेकांस जो निरोप धाडीत तोही सारंगांच्या मुखाने. मग थोरल्यास वाटू लागले की सारंग धाकट्याचे, आणि धाकट्यास वाटू लागले की सारंग थोरल्याचे. पूर्वी दोघे एकमेकांवर रागावलेले होते. आता दोघे एकमेकांस विसरून सारंगांची मर्जी कोणाकडे हेच पाहू लागले. बाईसाहेबांच्या हे ध्यानात आले. दोन वेळा त्यांनी मुलांस भेटीस बोलाविले, दोन्ही वेळा उत्तर आले की सारंगांच्या तोफांखालून आम्ही येणार नाही. सिदोजीरावांचा निरोप ऐसा होता की बापाच्या नगरात परक्यास विचारून शिरावे लागले तर ते नगर बापाचे कसले. आणि हैबतरावांचा निरोपही शब्द वेगळे असून तोच होता. बाईसाहेबांस वाईट वाटले, आणि बरेही वाटले, कारण बहुत दिवसांनी दोघे एकच गोष्ट बोलत होते.

मग त्यांनी पंतोजींस दोन्ही काठांस फिरविले आणि ऐसे ठरविले की येत्या नंदन संवत्सराच्या पाडव्यास दोघा भावांनी शस्त्रावाचून मधल्या पेठेत यावे आणि आईच्या हातचे जेवावे, आणि त्याआधी बेटकरांची छावणी उतारावरून निघालेली असावी. दोघांनी मान्य केले. सिदोजीरावांनी इतकेच विचारिले की आईसाहेब स्वतः सांगतात ना, आणि पंतोजींनी होय म्हणताच पुढे शब्द काढिला नाही. पंतोजी दमले होते, ते सणासाठी आपल्या गावी गेले. आता राहिले सारंगांस सांगणे. तेथे बाईसाहेबांनी विचार केला की दुभाष्या बोलाविला तर सारंगांस वाटेल की माझ्या बोलण्यावर यांचा भरवसा नाही, इतक्या कष्टाने शिकले आहेत, तो अपमान करू नये. म्हणून त्यांस एकट्यासच सदरेवर बोलाविले. शेला दिला, विडा दिला, हाती नारळ दिला, आणि डोळ्यांस पाणी आणून बोलिल्या, "तुळोजी, तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. आता पाडव्याच्या आत छावणी वाढवावी." सारंगांनी नारळ मस्तकी लाविला आणि बोलिले, "अवश्य वाढवतो, बाईसाहेब. मी हेच सुचविणार होतो." बाईसाहेबांस फार समाधान वाटले की मनुष्य किती समंजस, राग नाही, रुसवा नाही.

आता यात चूक कोठे ते पाहावे. आपल्याकडे देवापुढे नारळ फोडीत नाहीत, वाढवितात. वाणी संध्याकाळी दुकान बंद करीत नाही, वाढवितो. सुवासिनीच्या हातची बांगडी फुटत नाही, वाढते. मोडणे, फुटणे, संपणे हे शब्द अभद्र, म्हणून त्यांच्या जागी चांगला शब्द ठेवावयाचा आणि ऐकणाऱ्याने त्यातला अर्थ उचलावयाचा. पाडवा तोंडावर, हाती विडा, समोर उपकारकर्ता पाहुणा, ऐशा वेळी छावणी मोडा हे बाईसाहेबांच्या मुखी येणे शक्य नव्हते. आणि निरोपाचा नारळ हाती दिल्यावर यजमान काय म्हणतो हे आपल्यात शेंबड्या पोरासही सांगावे लागत नाही. परंतु सारंग पंतोजींपाशी शिकले होते, घरात शिकले नव्हते. वाढणे म्हणजे मोठे होणे इतके त्यांस ठाऊक. त्यांनी मनाशी धरिले की दोन वैरी एका पंगतीस बसणार, आईचा जीव धुकधुकतो, म्हणून त्या जादा बंदोबस्त मागतात. आणि तेही मनापासून कामास लागले. बंदरातून आणखी माणसे आणविली, आणखी तोफा ओढून आणिल्या, आणि राहुट्या दोन्ही काठांनी पसरत पसरत पेठेच्या वेशीपर्यंत आल्या.

हे दोन्ही गोटांत कळले. बाईसाहेब सणाच्या तयारीत, पुरणाची डाळ निवडवून घेत होत्या, त्यांस वाटले की ही धावपळ छावणी निघण्याचीच आहे, कारण निघतानाही गाडे लागतात आणि माणसे लागतात. मुलांस मात्र निराळे दिसले. हैबतराव म्हणाले की आईसाहेब जन्मभर थोरल्यास झुकते माप देत आल्या, लोकांनी बोल लावू नये म्हणून, आणि आता त्याच्यासाठी मला धरून देणार. सिदोजीरावांनी जासुदाबरोबर निरोप धाडिला, तो जासुदाने खाली मान घालून सांगितला. निरोप ऐसा की, "आईसाहेबांस सांगा, शेवटी सावत्र ती सावत्र." बाईसाहेबांनी तो ऐकिला आणि हातातले सूप खाली ठेविले. काय झाले हे त्यांस अजून कळले नव्हते, पण काही भलतेच झाले हे कळले, आणि त्या उठून पालखी मागवीत होत्या तोच तोफेचा पहिला आवाज आला. पाडव्याचा दिवस, पाने मांडलेली, आणि दोन्ही फौजा उतारावर भिडल्या. दोघांनाही वाटले की दुसरा बेटकरांशी मिळाला, म्हणून दोघेही बेटकरांवर आणि एकमेकांवरही तुटून पडले. सारंगांनी वाळवंटात गोळे टाकावयास सांगितले, परंतु या खेपेस वाळवंट रिकामे नव्हते. पुष्कळ माणूस पडले. दगडावर गोळा फुटून एक चीप उडाली ती हैबतरावांच्या डाव्या खांद्यात शिरली. उन्हे कलली तेव्हा दोन्ही फौजा आपोआप मागे गेल्या, आणि कोणी जिंकले ऐसे म्हणावयास कोणी पुढे आले नाही.

दुसरे दिवशी सकाळी पंतोजी गावाहून धावत आले, आणि बाईसाहेब त्यांस घेऊन छावणीत गेल्या. सारंग उघड्या डोक्याने एका पेटीवर बसले होते, रात्रभर जखमींच्या पट्ट्या बांधल्याने हात रंगले होते. बाईसाहेब बोलिल्या, "तुळोजी, मी तुम्हांस काय सांगितले होते?"

सारंग म्हणाले, "छावणी वाढवा म्हणून सांगितलेत."

"मग का नाही वाढविली?"

सारंग उभे राहिले. त्यांनी या काठास पाहिले, त्या काठास पाहिले, राहुट्यांच्या रांगा वेशीपर्यंत गेलेल्या पाहिल्या, आणि त्यांस वाटले की दुःखाने बाईसाहेबांचे चित्त ठिकाणी नाही. मग फार मऊ आवाजात बोलिले, "बाईसाहेब, याहून आणखी किती वाढवू?"

पंतोजी मटकन खाली मातीत बसले. त्यांस सर्वांआधी उमगले. बोलिले, "सारंग, देवापुढे नारळ वाढवितात तेव्हा नारळाचे काय होते?" सारंग म्हणाले, फुटतो. "वाणी दुकान वाढवितो तेव्हा दुकानाचे काय होते?" सारंगांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, "तुम्ही मला वाढणे म्हणजे मोठे होणे ऐसे शिकविलेत." पंतोजी म्हणाले, तेही खरेच. सारंग म्हणाले, दोन्ही खरे कसे? तेव्हा पंतोजी बोलिले, "कोणत्या वेळी कोणते खरे, हे आमच्या पोरांसही मी शिकवीत नाही. ती घरात ऐकतात आणि त्यांस कळते. तुम्हांस घर नव्हते, हे माझ्या ध्यानात यावयास हवे होते."

मग सारंग म्हणाले की बिघाड माझ्या हातून झाला, आता तो नीट केल्यावाचून मी जाणार नाही, दोन्ही गोटांत दवंडी पिटवितो, दोघांस समोर बसवून सर्व समजावून सांगतो, वर्ष लागले तर वर्ष राहतो. त्यांच्या मनात कपट नव्हते. बाईसाहेब ऐकत होत्या. बोलिल्या, "नीट करावयासच तुम्ही आला होतात, तुळोजी. मीच बोलाविले होते. तुमच्या मुखाने सांगितलेले थोरला मानणार नाही, कारण धाकट्यासही तुम्हीच सांगाल. आणि शब्दाची चूक तुमची नाही. मला धीर झाला नाही. शुभ दिवस म्हणून मी चांगला शब्द शोधीत बसले." मग त्या भोवती सारे लोक असता मोठ्याने बोलिल्या, "छावणी मोडा. आजच मोडा." दासीने तोंडावर पदर धरिला, कोणी देवाचे नाव घेतले, परंतु बाईसाहेबांनी शब्द मागे घेतला नाही. सारंग म्हणाले, "मी गेलो आणि त्यांनी एकमेकांस मारिले तर?" हा प्रश्न खरा होता. बाईसाहेब म्हणाल्या, "तर मी रडेन. तुम्ही येथे असता मारिले तरी मीच रडेन. काल तुम्ही येथेच होता. परंतु तुम्ही मध्ये आहात तोवर ते एकमेकांकडे पाहणार नाहीत, दोघेही तुमच्याकडे पाहतील." सारंगांनी मान हलविली. राहुट्या उतरल्या, गाडे बंदराकडे लागले. काही लोकांनी मागून शिव्या दिल्या, आणि काही बायका वाटेवर उभ्या राहून रडल्या, कारण त्या दीड वर्षात त्यांची मुले घरी होती ती या माणसाच्या तोफांमुळे होती, आणि हे त्या विसरल्या नव्हत्या.

सारंग गेले आणि सर्व सुरळीत झाले ऐसे कोणी समजू नये. तो वैशाख वाईट गेला. दोन गावे जळाली, आणि बाईसाहेब पुन्हा जासुदांची तोंडे पाहू लागल्या, आणि आपण चुकलो की काय हे त्यांस रोज वाटे. परंतु आता उतारावर मनाई नव्हती. दोन्ही काठच्या बायका पाण्यास येऊ लागल्या, आणि पेठेतल्या दासींनी त्यांस छावणीतली गोष्ट सांगितली, आणि मग ती गोष्ट दोन्ही काठांनी घागरींबरोबर घरोघर गेली. सिदोजीरावांच्या गोटात ठकूबाई म्हणून जुनी स्वयंपाकीण होती. एके दिवशी ती भाकरी वाढता वाढता शेजारणीस सांगत होती, आणि सिदोजीराव पाटावर होते. ठकूबाई म्हणाली, "आणि तो सारंग बापडा हात जोडून काय म्हणतो, याहून आणखी किती वाढवू?" सिदोजीरावांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावयास लाविले. ऐकता ऐकता ते हसू लागले, हसता हसता त्यांस ठसका लागला. शपथा, दवंड्या, पंचांचे निवाडे यांवर त्यांनी कधी विश्वास ठेविला नसता. परंतु ही चूक कोणास रचता येण्याजोगी नव्हती. आईने नारळ हाती देऊन वाढवा म्हटले, याचा अर्थ त्यांस कोणी समजावून द्यावा लागला नाही. आणि मग त्यांस आपण धाडिलेला निरोप आठवला. पानावरून उठले, हात धुतला, आणि घोडे मागविले.

उतारावर पोचले तो पलीकडे हैबतराव आधीच उभे. त्यांचा खांदा बांधणाऱ्या वैद्याने त्यांसही तेच सांगितले होते. सिदोजीराव पाण्यात शिरले आणि मध्यावर आले, हैबतरावही आले, आणि दोन्हीकडचे स्वार तलवारींवर हात ठेवून पाहत राहिले. सिदोजीराव त्यांच्या बांधलेल्या खांद्याकडे पाहून म्हणाले, "हात उचलतो का?" हैबतराव म्हणाले, "तुला दिसत नाही का? तुझ्या मामांस विचार." सिदोजीराव म्हणाले, "माझे मामा काढू नकोस, पहिला रुमाल तुझ्या मामांनी उचलला." आणि मग जे सुरू झाले ते थांबेना. पागोटी निघाली, जळालेली खळी निघाली, मेलेली माणसे नावानिशी निघाली, बापाच्या आजारात कोण उशाशी होता आणि कोण शिकारीस गेला होता हे निघाले, लहानपणी विहिरीत कोणी ढकलले हेही निघाले. दोघांचे आवाज चढले, दोघे रडले, पुन्हा आवाज चढले. एक सरदार समजूत घालावयास पाण्यात उतरला, त्याला दोघांनी एकदमच परत पिटाळिले. तेव्हा पेठेत जासूद धावत गेला आणि म्हणाला, आईसाहेब, दोघे उतारावर उभे राहून फार भांडताहेत, काय करावे. बाईसाहेबांनी या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. विचारिले, "मध्ये कोणी आहे?"

जासूद म्हणाला, "कोणी नाही."

बाईसाहेब बोलिल्या, "मग भांडू द्या," आणि भिंतीस टेकून खाली बसल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. त्या दिवशी तह झाला नाही. तो सारा पावसाळा भाऊ भांडत राहिले, येत राहिले, जात राहिले, आणि नवरात्रात कोठे राज्याची घडी बसली. हैबतरावांचा हात पुढे कधी खांद्यावर गेला नाही. सिदोजीराव आईच्या पायांवर डोके ठेवून बराच वेळ राहिले, आणि त्या निरोपाविषयी कोणी काही बोलले नाही. तुळोजी सारंगांनी दीड वर्ष माणसे मरू दिली नाहीत, हे त्यांचे पुण्य त्यांच्या नावे लिहिले पाहिजे. आणि तंटा मिटविणे त्यांच्या हाती नव्हते, हे त्यांचे पाप म्हणून लिहू नये. लढाई थांबविता येते ती दुसऱ्यास. भांडण पुरे करावयाचे ते ज्याचे त्यासच करावे लागते, आणि त्यास फार वेळ लागतो. ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे असेल ते वाचणाऱ्यांनी क्षमा करून सुधारून घ्यावे.